धाकटीचं नाव

गिरणगावात एक क्रीडा मंडळ होतं. कबड्डी हा त्याचा जीव. दोन चाळींच्या मधली मोकळी जागा हे मैदान आणि तळमजल्यावरची दहा बाय बाराची खोली ही कचेरी. खोलीत एक लोखंडी कपाट, मारुतीची तसबीर आणि छतापर्यंत रचलेल्या ढाली. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा पहिल्या पाळीचे कामगार संध्याकाळी आणि दुसऱ्या पाळीचे सकाळी इथं उतरायचे. भोंगे बंद झाले, खेळ चालू राहिला. कामगारांची मुलं खेळली, मग नातवंडं, आणि नातवंडांच्या पिढीत मुलीही खेळायला लागल्या.

मंडळाचे चिटणीस होते अण्णा. पोरसवदा वयात मंडळात आले ते तिथलेच झाले. कपाटात कापडी बांधणीची एक जाड सभासद वही होती, पण ती उघडायची वेळ क्वचितच यायची, कारण अण्णांना सगळं तोंडपाठ होतं. कोण कोणाचा मुलगा, कोणाची वर्गणी थकलीय, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काही झालं तर कोणाच्या आईला कळवायचं आणि कोणाच्या काकाला, हे ते कॅरमची सोंगटी मारता मारता सांगायचे. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं, आणि ते कौतुकाजोगतंच होतं.

वहीतले पत्ते मात्र जुने झाले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. त्यानंतर कित्येक घरं गावी गेली, कित्येक डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे सरकली. पुढे चाळी पुनर्विकासाला गेल्या तशी उरलेली बिऱ्हाडं संक्रमण शिबिरांत पांगली. तरी मुलं लोकल पकडून सरावाला याच मैदानावर येत राहिली. वहीत त्यांचा पत्ता होता आजोबांच्या खोलीचा, आणि ती खोली पाडून किती वर्षं झाली होती. मूल आता कुठं राहतं ते अण्णांना माहीत होतं, वहीला माहीत नव्हतं.

वहीखेरीज आणखी तीन याद्या होत्या. खजिनदारांची पावती पुस्तकं होती, त्यांच्या लेखी ज्यानं पैसे भरले तो सभासद. प्रशिक्षक सरांची डायरी होती, त्यांच्या लेखी जो सरावाला येतो तो सभासद. आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, त्यात जो एकदा घेतला गेला तो कायमचाच राहिला, अगदी परगावी स्थायिक झालेला असला तरी. चारही याद्या प्रामाणिकपणे ठेवलेल्या होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता.

एका वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत हे उघड्यावर आलं. निवडणूक होती. गणपूर्तीसाठी एकूण सभासद किती, हा पहिलाच प्रश्न, आणि चार जणांनी चार आकडे सांगितले. एक जुने सभासद कायदा वाचून आले होते. ते उठून म्हणाले, "आपलं मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आहे. त्याच्या पंधराव्या कलमात लिहिलंय, ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली त्याला मत नाही आणि सभासद म्हणून त्याला मोजायचंही नाही. आता सांगा, इथं बसलेल्यांपैकी मत कोणाला आहे?"

सांगू शकत होते फक्त अण्णा. पण अण्णा स्वतः उमेदवार होते, आणि उमेदवाराच्या तोंडपाठ यादीवर निवडणूक घेता येत नाही. कोणी त्यांच्यावर शंका घेतली नव्हती, तरी त्यांना ते लागलं. सभा तहकूब झाली, आणि तहकूब होण्याआधी एक ठराव मात्र एकमतानं झाला: सगळे सभासद संगणकावर घ्यायचे.

कार्यकारिणीतला एक तरुण पुढं झाला. मंडळातली मुलं त्याला दादा म्हणायची. काम करायची त्याला हौस होती आणि मंडळावर त्याचं मनापासून प्रेम होतं. त्यानं आठवड्याभरात चार पानी फॉर्म तयार केला. नाव, पत्ता, मोबाईल, वय, वजन, उंची, रक्तगट, आधार क्रमांक, जात, वडिलांचा व्यवसाय, घरचं उत्पन्न, शाळा, शाळेतले गुण, आवडता खेळाडू. कधी काय लागेल सांगता येत नाही, म्हणून सगळंच घेऊन ठेवावं, असा त्याचा विचार. अशा कामाला बसणारा जवळजवळ प्रत्येक माणूस सुरुवातीला असाच विचार करतो.

फॉर्म घरोघरी गेले आणि बरेचसे परत आलेच नाहीत. एका मुलीच्या आईनं फॉर्म हातात घेऊन विचारलं, "आमचं उत्पन्न किती, हे कबड्डीला कशाला लागतं?" दादाकडे उत्तर नव्हतं. जे फॉर्म परत आले त्यांत लोकांनी रागानं, संकोचानं किंवा कंटाळ्यानं रकाने रिकामे सोडले होते, नाहीतर मनाला येईल ते लिहिलं होतं.

मग ते सगळं एक्सेलच्या एका लांबच लांब तक्त्यात भरलं गेलं. भरायला चार मुलं बसली. एकानं नावं इंग्रजीत लिहिली, दुसऱ्यानं मराठीत, तिसऱ्यानं डीटीपीच्या दुकानातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती नावं म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे आणि शोधून सापडत नसे. पावती क्रमांकांच्या पुढची शून्यं एक्सेलनं आपली आपण पुसून टाकली. एकानं जन्मतारखेत दिवस आधी लिहिला, दुसऱ्यानं महिना. वयाच्या रकान्यात ज्या दिवशी जे होतं ते लिहिलं गेलं, म्हणजे पुढच्या वाढदिवसाला ते खोटं ठरणार होतं.

शेवटी दादाच्या लक्षात आलं की काही नावं दोनदा आली आहेत. एक्सेलमध्ये दुहेरी ओळी काढून टाकायची सोय असते. माणसाची खूण म्हणून त्यानं मोबाईल नंबर धरला. मोबाईल तर प्रत्येकाचा वेगळा असतो, असं त्याला वाटलं. कळ दाबली, बऱ्याच ओळी गेल्या, तक्ता नीटनेटका दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याची प्रत काढून सरांच्या हातात दिली.

संध्याकाळी सरांनी मुलींच्या गटाची हजेरी त्या कागदावरून घेतली. दोन बहिणी सरावाला यायच्या, थोरली आठवीत आणि धाकटी सहावीत. थोरलीचं नाव आलं, ती हजर म्हणाली. धाकटीचं आलं नाही. यादी संपली, मुली जोडीनं धावायला निघाल्या, आणि धाकटी बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधत मॅटच्या कडेला उभी राहिली. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, माझं नाव काढलं का?"

सरांनी कागद तीनदा वर-खाली पाहिला. नाव नव्हतं. घरात मोबाईल एकच, आईचा. दोघी बहिणींच्या फॉर्मवर तोच नंबर. तक्त्याच्या हिशेबानं ते एकच माणूस, म्हणून दुसरी ओळ गेली. शोध घेतला तर अशी आणखी मुलं निघाली. तीन भावांतला एकच राहिला होता. एका आजीच्या नंबरावर चार नातवंडं होती, त्यांतली तीन गेली होती. ज्यांच्या घरी फोन एकच, तीच मुलं यादीतून गळाली होती, म्हणजे ज्यांना मंडळाची गरज सगळ्यांत जास्त तीच.

सरांनी धाकटीचं नाव पेनानं खाली लिहिलं आणि तिला धावायला पाठवलं. ती धावली, पण त्या दिवशी चढाईला गेली नाही.

दादाला फार वाईट वाटलं. त्यानं तो तक्ता बाजूला ठेवला आणि मंडळाच्याच एका जुन्या खेळाडूला फोन केला. ती मंडळाच्या मुलींच्या पहिल्या संघातली होती आणि आता एका कंपनीत डेटाबेसचं काम करायची. सगळे तिला ताई म्हणायचे.

ताई शनिवारी आली. दादानं लॅपटॉप उघडून ठेवला होता. तिनं तो बंद करून कपाटावर ठेवला, अण्णांसमोर स्टूल ओढलं आणि विचारलं, "अण्णा, लोक तुम्हाला काय काय विचारायला येतात?"

अण्णांना हा प्रश्न आजवर कोणी केला नव्हता. ते विचार करून सांगत गेले, ताई जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेली. मत कोणाला आहे. या वर्षीची वर्गणी कोणाची यायची आहे. स्पर्धेच्या तारखेला कुमार गटात कोण बसतं, कारण तिथं वय २० च्या आत लागतं आणि वजनाचीही अट असते. कोणाला लागलं तर घरी कोणाला कळवायचं. कोण कोणत्या साली मंडळाकडून खेळलं, कारण पुढं नोकरीसाठी दाखला मागायला माणसं येतात. आणखी काही आठवेना. ताई म्हणाली, "मग एवढंच लिहायचं. ज्या रकान्यानं यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, तो रकाना नको."

चार पानी फॉर्मवर ती रेघा मारत गेली. जात गेली, उत्पन्न गेलं, शाळेतले गुण गेले. आधार क्रमांकावर रेघ मारताना दादा म्हणाला, "तो तरी राहू दे ताई, ओळख पटवायला." ती म्हणाली, "जन्मदाखला बघायचा, तारीख लिहून घ्यायची, दाखला परत द्यायचा. आपल्याला तारीख हवी आहे, कागद नको. जे आपल्याकडे नाही ते आपल्याकडून चोरीला जात नाही." रक्तगटाचा रकाना तिनं काढला तेव्हा सगळेच थबकले, पण हॉस्पिटल तो स्वतः तपासल्याशिवाय रक्त देत नाही, हे सरांना माहीत होतं. वयही गेलं. जन्मतारीख ठेवली की वय हव्या त्या दिवसाचं काढता येतं. वजन राहिलं, पण वेगळ्या तक्त्यात, ज्या दिवशी केलं त्या तारखेसह, कारण पंधरा वर्षांच्या मुलाचं वजन दर महिन्याला बदलतं आणि कालचं पुसून आजचं लिहिलं तर त्याची वाढ कळायची नाही.

इथं डेटाबेसची बैठक थोडी सांगायला हवी. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि एका तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीशी खुणेनं जोडावी, ही आजच्या बहुतेक डेटाबेसची रचना तिथून आली. एका विषयाला एक तक्ता. माणूस एका तक्त्यात एकदाच, वर्गणी दुसऱ्यात, जितक्यांदा भरेल तितक्या ओळी. माणसाचं नाव वर्गणीच्या ओळीत पुन्हा लिहायचं नाही, फक्त त्याचा क्रमांक लिहायचा. मग पत्ता बदलला तर एका जागी बदलतो, आणि तीन जागी तीन पत्ते राहत नाहीत. मोठ्या बँका याच रीतीनं चालतात आणि दहा बाय बाराच्या खोलीतलं मंडळही तसंच चालू शकतं. त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. ताईनं फुकट मिळणारं लिब्रेऑफिस बेस वापरलं.

अडलं ते क्रमांकापाशी. मंडळात एक रीत होती. सभासद क्रमांक घराचा मानायचा. आजोबा गेले की त्यांचा क्रमांक वडिलांना, वडिलांचा मुलाला. मुलगी लग्न होऊन गेली की तिचा क्रमांक धाकट्या भावाला. वहीत आधीच्या नावावर रेघ मारून वर नवं नाव लिहिलेलं असे. अण्णांना ती रीत प्राणांपलीकडे होती. ताई म्हणाली, एका माणसाचा क्रमांक दुसऱ्याला कधीच द्यायचा नाही, तो माणूस गेला तरी. अण्णा उठून बाहेर जाऊन बसले.

त्याच आठवड्यात एक बाई कचेरीत आली. लग्नाआधी मंडळाकडून खेळलेली, राज्य स्पर्धेपर्यंत गेलेली. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असतं. तिनं त्यातून अर्ज केला होता. प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, अर्ज सासरच्या नावाचा, आणि ही दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत असा मंडळाचा दाखला तिला हवा होता. अण्णांनी वही काढली. तिचा क्रमांक सापडला, पण त्यापुढं तिच्या भावाचं नाव होतं. तिच्या नावावर रेघ होती, आणि शाई इतकी गडद की खालची अक्षरं उजेडाकडे धरूनही नीट लागेनात. अण्णांनी दाखला दिला, कारण त्यांनी तिला खेळताना पाहिलं होतं. सही करताना त्यांचा हात थांबला. त्यांनी ताईकडे पाहून विचारलं, "मी नसतो तर?"

ताई म्हणाली, "अण्णा, तुम्ही आजवर सगळ्यांना सांभाळलंत. पण नोंद सांभाळणाऱ्याच्या सोयीची असली की सांभाळणारा असेपर्यंतच ती चालते. ज्याची नोंद आहे त्याच्या उपयोगाची असली, तर ती कोणाच्याही हातात चालते."

मग तिनं घराच्या रीतीलाही जागा काढली, आणि मला वाटतं या सगळ्या कामातली सगळ्यांत चांगली गोष्ट हीच. माणसांच्या तक्त्याशेजारी तिनं घरांचा एक तक्ता केला. वहीतले जुने क्रमांक जसेच्या तसे घरांना दिले. आजोबांचा जो क्रमांक होता तो आता त्या घराचा क्रमांक झाला, आणि त्या घरातल्या प्रत्येकाला, गेलेल्या आजोबांनाही, स्वतःचा वेगळा क्रमांक मिळाला. लग्न होऊन गेलेल्या मुलींची दोन्ही नावं लिहिली गेली. रेघ कोणावरच मारली नाही. जो मंडळ सोडून गेला त्याच्यापुढं सोडल्याची तारीख लिहिली. आणि फोन नंबर माणसाच्या ओळीतून उचलून घराच्या ओळीला जोडले. एका घराला एक फोन असो की चार, त्या घरात मुलं कितीही असोत, आता काही बिघडणार नव्हतं. दोन बहिणी एकाच फोनच्या धनी होत्या आणि तरीही दोघी होत्या.

नावं सगळी युनिकोड मराठीत भरायची ठरलं, म्हणजे कोणत्याही संगणकावर आणि फोनवर ती तशीच दिसतील. अण्णा वही आणि फॉर्म मोठ्यानं वाचायचे, दादा टाइप करायचा, मग दादा पडद्यावरचं वाचायचा आणि अण्णा बोटानं वहीत जुळवत जायचे. रोज संध्याकाळी सराव संपल्यावर हे चालायचं. जिथं पत्ता पाडलेल्या खोलीचा निघे तिथं अण्णा सांगायचे, हे आता विरारला, पण पोराची आत्या करीरोडला राहते, तिचा नंबर घ्या. त्यांच्या डोक्यात असलेलं गिरणगाव असं एकेक ओळीनं बाहेर येत गेलं. काही नावांपाशी ते थांबून राहायचे आणि दादा त्यांना थांबू द्यायचा.

भरून झालं तरी ताईनं काम संपलं असं म्हटलं नाही. ती म्हणाली, ज्याची नोंद त्यानं ती वाचून पाहिली पाहिजे. प्रत्येकाची ओळ मोठ्या अक्षरात छापून ज्याची त्याला दिली. लहान मुलांची त्यांच्या आईवडिलांनाही, आणि ही माहिती मंडळानं ठेवावी अशा संमतीची सहीसुद्धा त्यांच्याकडून घेतली. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहेच, पण कायदा नसता तरी विचारणं योग्यच होतं. उत्पन्नाबद्दल विचारणारी ती आई या वेळी नवा फॉर्म घेऊन स्वतः आली. पान एकच होतं, आणि प्रत्येक रकान्याशेजारी तो कशासाठी ते लिहिलेलं होतं.

धाकटीनं तिचा कागद मॅटवर पसरून वाचला. मग पेन मागून घेतलं. "दादा, तारीख उलटी झालीय. पाच ऑगस्ट नाही, आठ मे." दादानं जन्मदाखला पुन्हा पाहिला. तिचंच बरोबर होतं. त्या दिवसानंतर तारखेत महिना अक्षरानंच लिहायचा असं ठरलं.

कोणी काय पाहायचं तेही ठरलं. खजिनदारांना वर्गणी दिसे, सरांना जन्मतारीख, वजन आणि घरचे फोन. संपूर्ण यादी कोणालाच फोनवर पाठवायची नाही. एक प्रत दर रविवारी वेगळ्या ड्राइव्हवर घेऊन खजिनदारांच्या घरी ठेवायची, आणि महिन्यातून एकदा ती खरंच उघडते का ते उघडून पाहायचं. प्रत घेतात सगळे, उघडून फार थोडे पाहतात.

तहकूब झालेली सभा भरली. मतदारांची यादी आठ दिवस आधीच फळ्यावर लागली होती. ज्यांची वर्गणी थकली होती त्यांना त्याआधीच निरोप गेले होते, आणि बहुतेकांनी ती भरली. कार्यकारिणी निवडली गेली. नव्या नावांचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत वेळेत दाखल झाला. अण्णा पुन्हा चिटणीस झाले.

खरी कसोटी त्यानंतर आली. पालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते. विभागातला एक वजनदार माणूस कचेरीत आला. मंडळाला नवी मॅट घेऊन द्यायची त्याची तयारी होती. चहा झाल्यावर म्हणाला, "तुम्ही सगळ्यांचे नंबर कॉम्प्युटरवर घेतलेत म्हणे. तेवढी यादी द्या, पोरांना शुभेच्छा पाठवतो."

जुनी मॅट जागोजागी फाटली होती. मुलांचे गुडघे सोलवटत होते. दादा अण्णांकडे पाहत राहिला. हा डेटाबेस नको म्हणून एके काळी उठून बाहेर गेलेले अण्णा कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, ते नंबर मंडळाचे नाहीत. त्या घरांचे आहेत. पोराला लागलं तर कळवायला म्हणून त्यांनी आमच्याकडे ठेवायला दिलेत. तुम्हाला शुभेच्छा द्यायच्या असतील तर संध्याकाळी मैदानावर या, सगळी पोरं भेटतील."

मॅट आली नाही. मंडळानं वर्गणी काढून ती वर्षभरानं घेतली, आणि वर्गणी कोणी दिली याच्या ओळी त्याच तक्त्यात चढल्या.

त्या भाद्रपदात अण्णा गणपतीला गावी कोकणात गेले. इतक्या वर्षांत प्रथमच दहा दिवस राहायचं ठरवून गेले. तिसऱ्या दिवशी सरावात एका मुलाचा हात मोडला. सरांनी त्याला टॅक्सीत घातलं आणि केईएमला नेलं. दादानं कचेरीत त्या घराची ओळ काढली. आईवडील विरारला, दोघांचे नंबर, आणि तिसरा काळाचौकीच्या काकाचा, पुढं लिहिलेलं, "जवळ राहतो, आधी यांना." काका सरांच्या पाठोपाठच हॉस्पिटलात पोचला. आई लोकलनं येईपर्यंत एक्स-रे निघाला होता.

प्लॅस्टर घालून झाल्यावर काका दादाला म्हणाला, "पुढच्या महिन्यात आमचीही खोली खाली करायचीय. सायनच्या शिबिरात जागा मिळतेय. मग माझ्याऐवजी लालबागच्या मावशीचं नाव घाला, ती पाच मिनिटांवर आहे."

दादानं मावशीला विचारायला तिथूनच फोन लावला. ती हो म्हणाल्यावर नंबर लिहून घेतला, आणि रात्री कचेरी बंद करण्याआधी त्या घराच्या ओळीत तारखेसह चढवला.